व्हिएन्नात आई-बाबांना घेऊन खायला-प्यायला कुठे जावं?

सप्टेंबरअखेरीस चार दिवस, सोबत शाकाहारी आई-बाबा, आणि तुम्ही दोघं गोमांस सोडून बाकी सगळं खाणारे, असं तुम्ही लिहिलंय. मी बरीच वर्षं या शहरात राहते आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एकच आग्रह करते: एक संध्याकाळ हॉयरिगरसाठी राखून ठेवा. बाकी काही सुटलं तरी चालेल.

हॉयरिगर म्हणजे द्राक्षं पिकवणाऱ्याने स्वतःच्याच अंगणात स्वतःचीच वाइन विकायची जागा. व्हिएन्नाच्या हद्दीतच सुमारे 600 हेक्टर द्राक्षमळे आहेत. एवढ्या मोठ्या राजधानीत असं दुसरीकडे क्वचितच दिसेल. सम्राट दुसऱ्या जोसेफने 1784 मध्ये हुकूम काढून लोकांना आपल्या घरचा माल, वाइनसकट, थेट विकायची मुभा दिली, तेव्हापासून ही पद्धत कायद्याने चालत आली आहे. दारावर पाइनच्या डहाळ्यांची जुडी टांगलेली असली की समजायचं, आज घर उघडं आहे. छोटी घरं वर्षातले काही आठवडेच उघडतात, म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर तारखा बघून घ्या.

हॉयरिगरसाठी ग्रिन्झिंग या उपनगराचं नाव सगळीकडे वाचाल, पण तिथे बसगाड्या भरून पर्यटक येतात. मी तुम्हाला 31 नंबरच्या ट्रामने श्टामर्सडॉर्फला किंवा डी ट्रामने नुसडॉर्फला पाठवेन. आई-बाबांना चढ चालवणार नसेल तर हायलिगेनश्टाटमधलं मायर आम फारप्लाट्झ सोयीचं आहे. त्याच घरात 1817 मध्ये बेथोव्हेन राहत होता. बाबांना संगीताची आवड असेल तर तेवढ्यासाठीही जावं.

तिथे गेमिश्टर झाट्झ मागा. एकाच मळ्यात अनेक जातींची द्राक्षं एकत्र लावायची, एकत्र तोडायची आणि एकत्रच आंबवायची, अशी ही व्हिएन्नाची खास पांढरी वाइन. शिवाय तुम्ही अगदी योग्य दिवसांत येताय, कारण तेव्हा श्टुर्म मिळतो. श्टुर्म म्हणजे अजून आंबत असलेला, गढूळ, गोड, फसफसणारा द्राक्षरस. तो सरबतासारखा घशाखाली उतरतो, पण त्यात दारू असते आणि ती दिवसागणिक वाढत जाते. बाटली विकत घेतलीत तर बूच घट्ट लावू नका आणि पिशवीत आडवी तर मुळीच ठेवू नका. आत वायू तयार होत असतो. न पिणाऱ्यांसाठी ताजा द्राक्षरस असतो, तोही सुरेख लागतो.

हॉयरिगरमध्ये वाइन टेबलावर येते, खाणं मात्र बहुतेक ठिकाणी आपण काउंटरवर जाऊन आणायचं. ते वजनावर मिळतं आणि वजन 'डेका'त सांगायचं. दहा डेका म्हणजे 100 ग्रॅम. शाकाहाऱ्यांनी लिप्टाउअर घ्यावं, म्हणजे मऊ ताज्या चीजमध्ये पाप्रिका आणि कांदा घालून केलेलं लालसर लेपण. जुन्या पद्धतीत कुणी त्यात छोटे खारे मासेही घालतात, तेवढं विचारून घ्या. सोबत काळा पाव, चीज, घेवड्याच्या दाण्यांची कोशिंबीर, लोणच्याच्या काकड्या. आईंचं पोट यावर नक्की भरेल.

आता सावध राहायच्या गोष्टी, कारण त्या कुणी सांगत नाही. इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये बऱ्याचदा गोमांसाचं पाणी घातलेलं असतं. भाज्यांची म्हणून येणारी सुपंही अनेकदा त्याच पाण्यावर केलेली असतात. 'ओने फ्लाईश' (मांसाशिवाय) एवढं सांगून भागत नाही, 'ओने रिंट्सझुपे' (गोमांसाच्या पाण्याशिवाय) असंही सांगा. तुमच्यासाठीही एक गोष्ट आहे: मेनूवर नुसतं 'वीनर श्निट्झल' (पावाचा चुरा लावून तळलेला मांसाचा पातळ तुकडा) लिहिलं असेल तर इथल्या नियमानुसार ते वासराचंच मांस. डुकराचं असेल तर 'फोम श्वाइन', कोंबडीचं असेल तर 'हून' असं वेगळं लिहावं लागतं. टाफेलश्पिट्झ हे उकडलेलं मांसही गोमांसच, गुलाश हा मांसाचा रस्साही बहुतेक वेळा त्याचाच. वोल्झाइलेजवळचं फिग्लम्युलर 1905 पासून चाललंय, तिथलं प्रसिद्ध श्निट्झल डुकराच्या मांसाचं आणि ताटाबाहेर येणारं असतं. दोघांत एक पुरतं. आगाऊ टेबल राखलं नाही तर रांगेत उभं राहावं लागेल.

साध्या जेवणाच्या खाणावळीला इथे बाइझल म्हणतात. म्युझियम्सक्वार्टियरला लागून असलेलं ग्लासिस बाइझल मला चौघांसाठी आवडतं, झाडाखाली बसता येतं. कुठल्याही बाइझलमध्ये पिवळ्या रानटी अळंब्यांचा, म्हणजे आयरश्वामर्लचा पदार्थ अजून मेनूवर असेल तर तो शाकाहाऱ्यांसाठी मागवा. सायीच्या रश्श्यात अळंब्या आणि बाजूला पावाचा मोठा गोळा असं ते ताट येतं. सॅलडवर भोपळ्याच्या बियांचं काळपट हिरवं तेल घालून मागा. श्टायरमार्क प्रांतातलं हे तेल चवीला खमंग आहे, आणि घरी न्यायला याहून चांगली भेट मला माहीत नाही.

काफेहाउसबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. तुर्कांनी 1683 मध्ये वेढा उठवताना टाकून दिलेल्या पोत्यांतून इथली कॉफी सुरू झाली ही गोष्ट गाइड सांगतीलच. ऐकायला छान आहे, पण नोंद सापडते ती 1685 मध्ये योहानेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळालेल्या परवान्याची. काफे सेंट्रल 1876 चं, कमानी बघण्यासारख्या, पण रांगेत उभं राहून आत जायचं आणि पुढच्यांसाठी लवकर उठायचं, यात काफेहाउसचा अर्थच राहत नाही. त्यापेक्षा गुम्पेनडॉर्फर स्ट्रासवरचं 1880 चं काफे श्पेर्ल गाठा. जुनी गादीची आसनं, बिलियर्डची टेबलं, वर्तमानपत्रं. एक मेलांज (दुधाची फेसाळ कॉफी) मागवून दोन तास बसलात तरी कुणी 'आणखी काही?' म्हणून मागे लागणार नाही. चांदीच्या ताटलीत कॉफीसोबत पाण्याचा पेला येतो. हे पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं, 1873 पासून नळाने शहरात येतंय. बाटलीबंद पाण्यावर इथे पैसे घालवू नका.

रात्री आठनंतर डोरोथेअरगासेतल्या हावेल्कात गरम बुख्टेल्न मिळतात, म्हणजे आत मुरंबा भरलेले गोड पाव. त्याच गल्लीत त्शेस्निएव्हस्की आहे, 1902 पासूनचं. पावाच्या बोटाएवढ्या तुकड्यांवर अंडं, चीज, अळंबी, मासे असे लेप आणि सोबत बिअरचा इवलासा ग्लास. दुपारी उभ्या-उभ्या खायला यासारखं दुसरं नाही.

झाखरटोर्टे हा इथला प्रसिद्ध चॉकलेट केक खाऊन बघा, पण मला विचाराल तर गोडात काइझरश्मार्न जास्त मोलाचं. जाड, फुगलेलं गोड धिरडं तव्यावरच फाडून, वर पिठीसाखर आणि बाजूला आलुबुखारचा मुरंबा. त्यातले मनुके पुष्कळदा रममध्ये भिजवलेले असतात, बाबांना चालणार नसेल तर 'ओने रोझीनेन' (मनुक्यांशिवाय) म्हणा.

नाशमार्क्ट बघायला छान, खायला महाग. ओटाक्रिंगमधला ब्रुनेनमार्क्ट खरा रोजचा बाजार आहे, तिथले तुर्की पाव आणि चीज घेऊन बागेत बसा. रस्त्यावरच्या सॉसेजच्या टपरीवर केझेक्राइनर घेताना गोमांस मिसळलंय का ते विचारा. नावात चीज असलं तरी ते मांसच आहे, आई-बाबांना चुकून देऊ नका. आणि तिसऱ्या दिवशी कुणी वरणभाताची आठवण काढली तर लिख्टेनश्टाइनस्ट्रासवर वीनर दीवान आहे. पाकिस्तानी जेवण, रोज काही भाज्या-डाळी असतातच, आणि किती पैसे द्यायचे ते आपण ठरवायचं. विद्यार्थ्यांची गर्दी असते, पण आपुलकीने वाढतात.

रविवारी किराणा दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दही-फळं आणून ठेवा. जुन्या काफेहाउसांत आणि हॉयरिगरमध्ये रोख पैसे जवळ असावेत. बिल टेबलावरच द्यायचं, वर पाच ते दहा टक्के.

आई-बाबा अंडं खातात का ते तुम्ही लिहिलेलं नाही. खात नसतील तर इथले बहुतेक गोड पदार्थ आणि पिठाचे गोळे बाद होतात, सफरचंदाचं श्ट्रुडल तेवढं काही ठिकाणी बिनअंड्याचं मिळतं. तसं असेल तर कळवा, मी जागा वेगळ्या सुचवेन.