तरवा जून झाला की उत्पन्न का घटते?

पेडणे तालुक्यातील एक पालक लिहितात की, गेल्या सरद (पावसाळी) हंगामात पाऊस लांबल्याने त्यांच्या एका कुणग्यात (भातशेताच्या तुकड्यात) 20 दिवसांचा आणि दुसऱ्यात 40 दिवसांचा ज्योती या भाताच्या जातीचा तरवा (लावणीची रोपे) लागला व दुसऱ्यात उत्पन्न घटले. बारावी विज्ञानातील कन्या तेव्हापासून कारण शोधते आहे आणि वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करू म्हणते. त्यात पुढे वाव आहे का, असे ते विचारतात.

महोदय, सप्रेम नमस्कार.

कन्येचा प्रश्न पीक शरीरक्रियाशास्त्राचा आहे. तरवा उपटताना मुळांची कोवळी टोके तुटतात, पानांतून मात्र पाणी जातच राहते. मग पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटतात, अन्ननिर्मिती मंदावते आणि नवी मुळे धरेपर्यंत शेंडे पिवळे पडून रोप आठवडाभर तरी जागीच थांबते. भाताला फुटवे खालच्या पेरांपासून क्रमाने येतात. वाफ्यातच जून झालेल्या रोपांचे पहिले फुटवे दाटीत दबतात, उशिराच्या फुटव्यांना पुष्कळदा लोंबीच धरत नाही, आणि ज्योतीसारख्या कमी मुदतीच्या जातीला ही तूट भरून काढण्यास दिवस उरत नाहीत. (खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, तुंबलेल्या खाऱ्या पाण्यात मात्र उंच, थोडे जून रोपच तग धरते, तेव्हा तरवा कोवळाच हवा, असा सरसकट नियम करू नये.)

माझे मत असे की, तिने वनस्पतिशास्त्राऐवजी चार वर्षांची कृषी पदवी घ्यावी. हाच विषय तिला पदव्युत्तर शिक्षणात घेता येईल, शिवाय बँकांतील कृषी अधिकारी पदासाठी लागणारी पात्रताही हाती राहील, जी केवळ वनस्पतिशास्त्राच्या पदवीने मिळत नाही. केपे तालुक्यात सुळकर्णे येथे कृषी महाविद्यालय आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत भातावर संशोधन चालते. ती संस्था प्रवेशापूर्वीच पाहून यावी. गोव्यातल्या जागा मोजक्या असल्याने नोकरीसाठी बाहेर जाण्याची तयारी मात्र आताच ठेवावी.

येत्या लावणीला एकाच कुणग्यात दोन वयांच्या तरव्याचे दहा-दहा चूड (एकत्र लावलेल्या रोपांचे झुबके) काठ्या रोवून वेगळे राखावेत. उपटण्याआधी वाफा भिजवावा, म्हणजे मुळे कमी तुटतील. फुटवे दर आठवड्याला तिनेच मोजून वहीत लिहावेत, आणि कापणीच्या वेळी त्यांपैकी किती लोंबीवर आले, याचा रकाना वेगळा ठेवावा.