भोपळ्याच्या झाकणाखालची काजळी
(लेखन-शंका : या अंकात हॅलोविनच्या रहस्यकथा)

प्रश्न : आमच्या सोसायटीत दर ३१ ऑक्टोबरला मुलांचा हॅलोविन होतो. त्यावर रक्तपात नसलेली, हलकीफुलकी रहस्यकथा लिहितेय. मर्यादा २,५०० शब्दांची. मसुद्यात आठ संशयित झाले आणि वाचून झाल्यावर मैत्रिणीने विचारलं, "चोर म्हणजे कोण गं, तो डॉक्टर का?" किती पात्रं ठेवू? (वाचक, खारघर)

उत्तर : संशयित तीन. चौथा घेतलात तर तो वाचकाने दुसऱ्याच पानावर बाद करण्यासाठी. हिशेब साधा आहे. एक संशयित उभा करायला निदान अडीचशे शब्द लागतात. त्याला काय हवंय, तो काय लपवतोय आणि त्याची एखादी लकब. आठ जणांत दोन हजार शब्द संपले, चोरीला आणि उकलीला पाचशे उरले. मैत्रिणीचा दोष नाही.

तिघंही खोटं बोलू देत, पण चोरीशी संबंध एकाच्याच खोट्याचा. दुसरा गच्चीवर चोरून सिगारेट ओढत होता आणि तिसरीने 'घरी केलेला' केक बेकरीतून आणला होता, एवढंच. बाकीच्यांना नावंच देऊ नका. वॉचमन, सेक्रेटरी, बी विंगचे काका एवढं पुरे. नावं दिलीत तर आद्याक्षरं वेगळी ठेवा. सुनीता, संगीता आणि सुजाता एका कथेत आल्या की वाचक मागची पानं चाळत बसतो. चोरी पहिल्या तीनशे शब्दांत होऊ द्या, उकलीसाठी शेवटचे चारशे राखून ठेवा.

प्रश्न : सुगावा आधीच दाखवला तर वाचक ओळखतो, नाही दाखवला तर फसवल्यासारखं वाटतं. मधला मार्ग काय? (वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : सुगावा दाखवायचाच, पण गर्दीत. तीन-चार वस्तूंच्या यादीत तो मधे ठेवा, कारण यादीतली पहिली आणि शेवटची वस्तूच लक्षात राहते. आणि यादी संपताच काहीतरी घडू द्या.

हॅलोविनला कोरून आत दिवा लावतात तो भोपळाच घ्या. दिवाळीवर्गणीचा डबा क्लबहाउसच्या कपाटातून गेलाय. खजिनदार सांगतात, "सात वाजता मी भोपळ्यात मेणबत्ती लावली आणि साडेआठपर्यंत तिथून हललो नाही." आता ही ओळ पाहा : 'टेबलावर कागदी वटवाघळं, वेफर्सची रिकामी पाकिटं, उलटं पडलेलं भोपळ्याचं झाकण, आतून फिकट पिवळं, आणि कुणाची तरी विसरलेली छत्री होती.' पुढच्याच वाक्यात लिफ्ट अडकते आणि आतली पोरं बोंब मारतात. झाकण वाचकाने पाहिलं, पण तिथे थांबायला त्याला सवड मिळाली नाही.

बंद भोपळ्यात मेणबत्ती दीड तास जळली तर झाकणाची आतली बाजू काळपट होते, शिजल्यासारखी मऊ पडते, वासही येतो. ती फिकट आणि कोरडी आहे, म्हणजे आत ज्योत नव्हतीच. बॅटरीवरचा दिवा होता. तो कुणीही सहाला लावून निघून जाऊ शकतो. खजिनदारांची जागेवर बसून राहण्याची साक्ष तिथेच पडते.

पण चाणाक्ष वाचक दोन फटी शोधेल. झाकण दुसऱ्या भोपळ्याचं असलं तर? म्हणून झाकण कापताना मागच्या बाजूला एक खाच ठेवलेली दाखवा. ती आपल्याच भोपळ्यावर बसते. आणि झाकण उघडंच असलं तर? त्यासाठी साडेसातला काढलेल्या मुलांच्या फोटोत मागे झाकण लावलेला भोपळा दिसू द्या. फटी बुजवल्याशिवाय सुगावा पुरा होत नाही. मसुदे बहुतेक इथेच फसतात. 'नवल म्हणजे झाकण अगदी स्वच्छ होतं' असंही लिहू नका. 'नवल' आलं की वाचक पेन्सिल काढतो.

भोपळा आणखीही बरंच बोलतो. आपल्याकडे लाल भोपळा फोडीने विकला जातो, पावशेर, अर्धा किलो. अख्खा मागणारं गिऱ्हाईक भाजीवाल्याच्या लक्षात राहतं. ऑक्टोबर हीटमध्ये कोरलेला भोपळा दोन-तीन दिवसांत लिबलिबीत होतो आणि आत बुरशी धरतो. 'रविवारी कोरला' म्हणणाऱ्या बाईंचा भोपळा गुरुवारी टणक असेल तर त्या खोटं बोलताहेत. आणि उजेड बाहेर दिसावा म्हणून आतून गर खरवडावाच लागतो. देशी भोपळ्याची भिंत जाड, तो गर मराठी घरात कचऱ्यात जात नाही. गुळात शिजवायचा, मावेल तेवढी कणीक घालून मळायचं, घारगे तळायचे. ज्या घरात दुपारी चारला घारगे मिळाले, तिथला भोपळा संध्याकाळी सहाला 'नुकताच आणलेला' कसा असेल? परदेशी सणाच्या कथेत स्वयंपाकघरातला असा पुरावा मिळाला की मला तो बोटांच्या ठशांहून जास्त आवडतो.

आणि खोटे सुगावे दोनच ठेवा. चकवा लागलेला माणूस रानात तिथल्या तिथे फिरतो, वाचकालाही तेवढंच फिरवायचं, हरवू द्यायचं नाही.

प्रश्न : सोसायटीत सगळीकडे कॅमेरे आहेत. रहस्य टिकणार कसं? (वाचक, ऐरोली)

उत्तर : कॅमेरा बंद पाडू नका, फार वापरून झालंय. हॅलोविनला तो चालू असूनही आंधळा असतो, कारण लॉबीतून काळा झगा आणि टोकदार टोपी घातलेल्या पाच चेटकिणी जातात. मग ओळख चालीवरून, चपलांवरून, मनगटावरच्या राखीच्या दोऱ्यावरून पटवायची.

दुसरी सोय वेळेची. फुटेजवरची वेळ डीव्हीआरच्या, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राच्या घड्याळाची असते आणि ते पाच-दहा मिनिटं पुढेमागे असणं नेहमीचं. आतला बटन सेल संपलेला असेल तर लाइट गेल्यावर तारीखही भलतीच दिसते. गेटवरच्या अ‍ॅपवर मात्र पाहुण्याची नोंद मोबाइलच्या वेळेने होते. दोन्हींत सात मिनिटांचा फरक आहे हे तपास करणाऱ्या आजींनी कुरियरवाल्याच्या नोंदीवरून पकडलं की साक्ष कोसळते. हार्ड डिस्क भरली की जुनं फुटेज पुसलं जातं, तेव्हा महिन्याभरानंतरचा तपास लिहिताना जपून.

प्रश्न : कथेत आकाशकंदीलही हवेत आणि पौर्णिमेची भुताळी रात्रही. चालेल? (वाचक, नेरूळ)

उत्तर : चालणार नाही. लक्ष्मीपूजन अमावस्येचं, त्यामुळे हॅलोविन दिवाळीत आला की चंद्र नसतो. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. त्या तारखेला पौर्णिमा होती ती २०२० साली, आदल्या रात्री कोजागरी. पण त्या वर्षी करोना होता, दारोदार चॉकलेटं मागत फिरणारी मुलं कुठून आणणार? कथेचं वर्ष ठरवा, पंचांग उघडा आणि मगच चंद्र काढा. त्या सुमारास आपल्याकडे सूर्य सहाच्या थोडा पुढेमागे मावळतो, तेव्हा सातच्या संधिप्रकाशात कुणाचा चेहरा ओळखू आणू नका. लोकलचंही तेच. ट्रान्स-हार्बरवर ठाणे आणि ऐरोलीच्या मधे दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. २०१९ च्या कथेतला संशयित तिथे उतरला तर ठाणेकर वाचक पुढचं वाचणारच नाही.

प्रश्न : मुलांच्या चॉकलेटात विष ही कल्पना कशी वाटते? (वाचक, कळवा)

उत्तर : नको. मूल धोक्यात आलं की हलकीफुलकी कथा तिथेच संपते. चॉकलेटांच्या बादलीत चोरलेली अंगठी लपवा आणि बादल्यांची अदलाबदल करा, वरचा मजला ते तळमजला धावपळ आपोआप होईल.

प्रश्न : पोलिस किती दाखवावेत? (वाचक, वाशी)

उत्तर : एखादा हवालदार, चहापुरता. पण हद्द चुकवू नका. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलिस आयुक्तालयं आहेत आणि ऐरोली नवी मुंबईत येते. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागते. चोरीचं कलम ३७९ नाही, ३०३. खुनाचं ३०२ नाही, १०३. फसवणूक आता ३१८ मध्ये गेली, पण ती फक्त हवालदाराच्या कागदावर. सेक्रेटरींना खजिनदाराला चारसोबीसच म्हणू द्या.