घुबड शहाणे की अशुभ?

प्रश्न : आपल्याकडे घुबड अशुभ, मग पाश्चात्त्यांकडे ते ज्ञानाचे प्रतीक कसे? जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचे ‘मिनर्व्हाचे घुबड’ म्हणजे काय? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : ग्रीकांची अथेना ही बुद्धीची देवता आणि घुबड तिचा पक्षी. अथेन्सच्या सुमारे 17 ग्रॅमच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला अथेना, दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि शहराच्या नावाची तीन अक्षरे असत. रोमनांनी अथेनाला मिनर्व्हा मानले आणि घुबड तिच्याकडे गेले.

कायद्याच्या तत्त्वज्ञानावरील ग्रंथाच्या 1820 च्या प्रस्तावनेत हेगेल म्हणतो, मिनर्व्हाचे घुबड सांज झाल्यावरच उडते. याचा ‘म्हातारपणी शहाणपण येते’ असा अर्थ लावतात, तो चुकीचा आहे. तो बोलतो युगाविषयी, माणसाच्या वयाविषयी नाही : एखादी जीवनरीत पूर्ण घडून जुनी झाली की मगच तत्त्वज्ञान तिला समजू शकते. जग कसे असावे हे शिकवायला ते नेहमी उशिराच पोहोचते. हा विचार मुळातून वाचावा, इतका मोलाचा आहे.

आपली परंपराही एकसुरी नाही. पंचतंत्रात घुबडे कावळ्यांकडून फसतात, तर बंगालात ते लक्ष्मीचे वाहन म्हणून पुजले जाते. मुंबईत झाडांच्या ढोलीत राहणारा पिंगळा तर अथेनाच्या घुबडाचा सख्खा भाऊबंद. दोघांच्या वंशाचे (genus) शास्त्रीय नाव ‘अथेनी’च आहे.