स्पीकरचा स्टँड घेण्याआधी कानाची उंची मोजा

सोफ्यावर बसून जमिनीपासून कानापर्यंत मोजा. त्यातून स्पीकरच्या तळापासून ट्वीटरपर्यंतचं (बारीक, उंच पट्टीचे आवाज काढणाऱ्या छोट्या युनिटपर्यंतचं) अंतर वजा करा, म्हणजे ट्वीटर कानाच्या पातळीत येतो. ९५ सेंमीतून २५ गेले की स्टँड ७० सेंमीचा. तयार स्टँड महाग वाटला तर ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत एखाद्या फॅब्रिकेटरकडून ३ इंची चौकोनी एमएस (माइल्ड स्टील) पाइप आणि खाली ६ मिमीची प्लेट असा करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट वाकते नि स्टँड डुगडुगतो, म्हणून ताब्यात घेताना सपाट फरशीवर ठेवून बघाच. पाइपात वाळू भरली की त्याचं घुमणं दबतं. पण ओल्या वाळूने आतून गंज चढतो. चाळून, कडक उन्हात वाळवून, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधूनच भरा. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. गुळगुळीत टाइल्सवर स्पाइकऐवजी (टोकदार पायांऐवजी) रबरी पाय लावा. स्पीकरखाली चार कोपऱ्यांत ब्लू-टॅकच्या (चिकट पुट्टीच्या) वाटाण्याएवढ्या गोळ्या पुरतात.