ट्यूबलाइटचे पट्टे

प्रिय,

पटकथा मिळाली, दोनदा वाचली. सात पानांत भूत चारदा येतं आणि चौथ्या वेळेपर्यंत मला त्याची सवय होऊन जाते. माझ्या पहिल्या शॉर्ट फिल्ममध्ये भुताच्या मनगटावरचं घड्याळ काढायचं राहून गेलं होतं. लोक हसले. खरं सांगू का, घड्याळ नसतं तरी हसलेच असते.

मेकअपला पैसे नाहीत म्हणतोस, बरंच झालं. 1943 मध्ये अमेरिकन दिग्दर्शिका माया डेरेन आणि तिचा नवरा अलेक्झांडर हॅमिड यांनी लॉस एंजेलिसच्या स्वतःच्या घरात, 16 मिमीच्या कॅमेऱ्यावर 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' ही शॉर्ट फिल्म केली. लांबी चौदा मिनिटांच्या आसपास. सामान काय, तर किल्ली, पावाची सुरी, फोन, जिना. त्यात चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली काळ्या झग्यातली आकृती आहे, तिचीच चर्चा जास्त होते. मला मात्र त्या टेबलाची भीती वाटते, ज्याभोवती एकच बाई तीनदा बसलेली आहे. मग त्यातली एक सुरी घेऊन उठते आणि चालू लागते. एक पाऊल वाळूत, पुढचं गवतात, मग फरसबंदीवर, मग घरातल्या गालिच्यावर. खोलीतलं अंतर चार पावलांचं, पण ती कुठून कुठून चालत आली!

हे तुला आजच जमेल. मोबाइल ट्रायपॉडवर, फोकस आणि एक्सपोजर लॉक. तुझ्या पटकथेतली मुलगी आधी उजवीकडे बसेल, मग डावीकडे. एडिटिंगमध्ये मधोमध जोड. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. खिडक्या झाकून रात्री शूट कर, दिवसाचा उजेड दोन टेकमध्ये बदलतो आणि जोड उघडा पडतो. पावलांच्या वेळी डावा पाय, उजवा पाय, चालण्याची दिशा वहीत लिहून ठेव.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. पीटर चेर्कास्की या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाने 1999 च्या 'आउटर स्पेस'मध्ये एका जुन्या हॉलिवुड भयपटातली दृश्यं घेतली आणि डार्करूममध्ये एकेक फ्रेम हाताने पुन्हा छापली. बघता बघता फिल्मच्या कडेची भोकं आणि ध्वनीची पट्टी चित्रात घुसतात. घरातल्या बाईवर कुणी माणूस नाही, फिल्मच चाल करून येते. म्हणजे बाधा पात्राला नाही, माध्यमालाच झालेली.

तुझ्या मोबाइलला भोकं नाहीत. मग त्याचं दुखणं कोणतं? तुझ्या स्वयंपाकघरात चोकवाली जुनी ट्यूब आहे ना? आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ती सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते. शटर, म्हणजे एका फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ, 1/50 सेकंद ठेवलंस तर चित्र स्वच्छ. 1/500 केलंस की आडवे काळसर पट्टे उमटतात. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर जवळजवळ थांबलेले, 24 ला सरकत राहणारे. एरवी याला चूक म्हणतात आणि मीही कितीदा ओरडले आहे. तू मात्र सगळी फिल्म 24 फ्रेमला, 1/50 वर कर. ओट्याशी उभी असलेली मुलगी मागे वळते, तिथे तीच चौकट, तीच ट्यूब, फक्त शटर 1/500. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवावा लागेल, दाणे येतील, येऊ देत. पट्टा तिच्या चेहऱ्यावरून सरकेल आणि तिला तो दिसणार नाही. हे एकदाच कर. दुसऱ्यांदा केलंस की ती नुसती करामत होईल.

(एडिटिंगमध्ये जोरात लुकलुकणारा उजेड घातलास तर सुरुवातीला सूचना टाक, काहींना त्याने फिट येते.)

आवाजाचं थोडक्यात. फ्रिजची घरघर दहा मिनिटं रेकॉर्ड कर, पहिल्या शॉटपासून ठेव आणि ती वळली की तोड.

चारही भुतं काढ. रविवारपर्यंत ओट्याचा एक शॉट पाठव. पार्श्वसंगीत लावू नकोस. लावलंस तर मी आवाज बंद करून बघेन.

ताई