ले मार्स, आयोवा: मक्याशिवाय तिथे काय आहे?

भाच्याला ले मार्सला नोकरी लागलीय आणि ‘तिथे मक्याशिवाय काही आहे का?’ असं तुम्ही विचारलंय. मी शेजारच्या सू सिटीत नऊ वर्षं काढली, त्यामुळे जरा पाल्हाळ होईल, चालवून घ्या.

ले मार्स हे अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या प्लिमथ काउंटीचं मुख्य गाव. आपल्या हिशेबात काउंटी म्हणजे जिल्हा, पण वस्ती एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी: २०२० च्या जनगणनेत २५,६९८. मैलामैलावर काटकोनात रस्ते आहेत, कारण वस्ती व्हायच्या आधीच सरकारने सगळी जमीन चौकोनांत मोजून टाकली होती. एक मैल बाय एक मैल म्हणजे ६४० एकर, त्याचा पाव १६० एकर. जमीन आधी ज्यांची होती त्या मूळ रहिवाशांचा या चौकोनांत मागमूसही राहिला नाही. इथला पुढचा सगळा इतिहास म्हणजे हे चौकोन कोणाच्या हातात राहिले याचाच.

गावाचं नाव ऐकून फ्रेंच वाटतं, पण तसं नाही. रेल्वे आली तेव्हा पाहणीला आलेल्या पाहुण्यांतल्या बायकांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून ते केलं म्हणतात. मग १८७० च्या दशकात टोळधाड आली, पिकं गेली, जमिनी स्वस्त झाल्या. त्याच सुमारास विल्यम क्लोज हा केंब्रिजचा होडीपटू शर्यतीसाठी अमेरिकेत आला आणि भावांना घेऊन इथे जमिनी घेत सुटला. इंग्लंडात इस्टेट थोरल्याला मिळायची. मग धाकट्याने करायचं काय? पैसे भरून इथे शेती ‘शिकायला’ यायचं! शेती किती शिकले देव जाणे, पोलो आणि घोड्यांच्या शर्यती मात्र रंगल्या. दारूच्या एका गुत्त्याचं नाव होतं ‘हाउस ऑफ लॉर्ड्स’. ही हौस फार टिकली नाही. जमीन खरी कसली ती जर्मन आणि लक्झेंबर्गी कुटुंबांनी.

आता मुख्य गोष्ट. १९३२ मध्ये मक्याला बुशेलमागे, म्हणजे साधारण २५ किलोला, दहा सेंटच्या आसपास भाव होता. कोळसा घेण्यापेक्षा लोक शेगडीत मका जाळायचे. गहाण जमिनींचे लिलाव सुरू झाले. जानेवारी १९३३ मध्ये कोर्टहाउसच्या पायरीवर असाच एक लिलाव होता. विमा कंपनीचा वकील कर्जापेक्षा कमी बोली लावत होता, म्हणजे शेत जाऊनही वर कर्ज उरणार. जमावाने त्याला फाशीची धमकी दिली, तेव्हा त्याने कंपनीला तार करून पूर्ण कर्जाएवढ्या बोलीची परवानगी मागितली. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने जप्त्यांना स्थगिती देण्याचा कायदा केला, पण तो घटनेत बसतो का, हा वाद कोर्टात गेला.

२७ एप्रिलला शेतकरी हा वाद ऐकणारे न्यायाधीश चार्ल्स ब्रॅडली यांच्या कोर्टात घुसले. ब्रॅडली म्हणाले, टोप्या काढा, सिगारेटी विझवा. झालं, ठिणगी पडली. त्यांना ओढत बाहेर नेलं, डोळे बांधले, ट्रकमधून गावाबाहेरच्या चौकात आणलं. गळ्यात दोर घातला, वंगणाने माखलेली चाकाची टोपी (हबकॅप) डोक्यावर ठेवली आणि ‘जप्तीच्या हुकमांवर सही करणार नाही अशी शपथ घे’ म्हणून दरडावलं. गड्याने शपथ घेतली नाही. शेवटी त्यांची पँट काढून घेतली आणि तसंच सोडून दिलं. गव्हर्नर हेरिंग यांनी काउंटीत लष्करी कायदा लावला, धरपकड झाली. माझी सहानुभूती शेतकऱ्यांकडे आहे, तरी त्या दिवशी ताठ राहिला तो ब्रॅडलीच, हे मानावंच लागतं.

आज गाव ओळखलं जातं ते आइस्क्रीमसाठी. १९१३ मध्ये फ्रेड वेल्सने २५० डॉलरला घोडागाडीसकट दुधाचा रतीब विकत घेतला, त्यातून एवढा मोठा कारखाना उभा राहिला.

भाच्याला सांगा, आइस्क्रीम खाऊन झालं की कोर्टहाउसमध्ये डोकावून ये. इमारत तीच आहे. आपल्याकडे जसा सातबारा काढतात, तशी तिथे रेकॉर्डरच्या कचेरीत जमिनीची खरेदीखतं कोणालाही बघता येतात. कुठलाही एक चौकोन धरायचा आणि मालकांची नावं मागे मागे वाचत जायचं, अर्धा दिवस सहज जातो.