स्टिकर नेमके कोणते? : चॅटबॉट बनवणाऱ्या वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्या बॉटकडे शंभर स्टिकर असून प्रत्येकाला आठ-दहा शब्द जोडले आहेत. मात्र शब्दांची यादी वाढवली, तशा चुकाही वाढल्या. यादीत काय कमी आहे?

यादीत काहीच कमी नाही. तुमचा बॉट शब्दावरून थेट स्टिकरवर उडी मारतो, ही खरी अडचण आहे. ‘हसून हसून मेलो’ या वाक्यातल्या ‘मेलो’वरून तो शोकाचे स्टिकर पाठवील आणि ‘काल रात्री आजोबा गेले’ असे कोणी लिहिले, तर ‘गेले’वरून बॅग घेऊन हात हलवणारे अस्वल पाठवील. हे दुसरे उदाहरण मी रचलेले नाही. माझ्याच एका बॉटने हा प्रताप केला होता आणि त्यानंतर पंधरा दिवस मी त्याची स्टिकर बंद ठेवली होती.

म्हणून मध्ये एक पायरी घालावी. वाक्यावरून आधी प्रसंग ठरवावा (अभिनंदन, आभार, दिलगिरी, थट्टा, कंटाळा, दुःख, निरोप वगैरे) आणि मग त्या प्रसंगाच्या कप्प्यातून स्टिकर उचलावे. असे दहा-बारा कप्पे पुरतात. शब्द जुळवताना मराठीची दोन वैशिष्ट्ये लक्षात ठेवावी लागतात. पहिले सामान्यरूपाचे : ‘वाढदिवस’ हा शब्द ‘वाढदिवसाच्या’मध्ये जसाच्या तसा सापडतो, पण ‘कंटाळा’ हा शब्द ‘कंटाळ्याने’मध्ये सापडत नाही, तेथे यादीत ‘कंटाळ’ एवढेच ठेवावे. दुसरे नकाराचे : ‘मला फार आनंद झाला’ आणि ‘मला फार आनंद झाला नाही’ यांतला फरक अगदी शेवटच्या शब्दात आहे, त्यामुळे वाक्य संपेपर्यंत निर्णय घेऊ नये. उपरोध मात्र वाक्यावरून कळत नाही. ‘वा, छान काम केलेत!’ हे कौतुक आहे की टोमणा, हे आधीचा संदेश पाहिल्यावरच समजते आणि तरीही शंका उरली, तर स्टिकर पाठवूच नये. न पाठवलेले स्टिकर कोणाच्या लक्षातही येत नाही. चुकीच्या स्टिकरचा मात्र स्क्रीनशॉट फिरतो.

प्रश्न : टेलिग्रामवर एका बॉटला मिळालेला फाइल आयडी (स्टिकर पाठवताना द्यावा लागणारा ओळखसंकेत) दुसऱ्या बॉटला दिला, तर स्टिकर जात नाही. असे का होते?

तो आयडी ज्या बॉटला मिळाला, त्याच्यापुरताच चालतो. फाइल युनिक आयडी हा त्याच स्टिकरचा दुसरा संकेत सर्व बॉटना सारखाच दिसतो, परंतु त्याचा उपयोग केवळ ओळख पटवण्यापुरता असून तो वापरून स्टिकर पाठवता येत नाही. तेव्हा आपल्या तक्त्यात स्टिकरसंचाचे नाव आणि युनिक आयडी नोंदवावेत आणि प्रत्येक बॉटने सुरू होताना तो संच मागवून स्वतःचे फाइल आयडी मिळवावेत. २०२३ पासून बॉटला स्वतः तयार केलेल्या संचातील प्रत्येक स्टिकरला २० पर्यंत शब्द जोडता येतात. त्यांची एकूण लांबी ६४ अक्षरांपर्यंत चालते. पण ते शब्द माणसांना शोधताना उपयोगी पडावेत म्हणून आहेत. संच मागवला, की प्रत्येक स्टिकरसोबत त्याचा इमोजी येतो, हे शब्द येत नाहीत. थोडक्यात, स्वतःचा तक्ता ठेवण्यातून सुटका नाही.

प्रश्न : वापरकर्त्याने पाठवलेला लाल हृदयाचा इमोजी माझ्या यादीतल्या इमोजीशी कधी जुळतो, कधी जुळत नाही.

हे हृदय जुन्या चिन्हसंचातले असल्यामुळे ते रंगीत दिसावे म्हणून त्याच्यामागे व्हेरिएशन सिलेक्टर नावाचा अदृश्य वर्ण जोडला जातो. तो कधी असतो, कधी नसतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. तुलनेपूर्वी यादीतल्या आणि आलेल्या अशा दोन्ही इमोजींमधून तो काढून टाकावा. त्वचेच्या रंगछटांचे पाच वर्णही काढावेत. मात्र याच झपाट्यात शून्यरुंदी जोडक (झीरो विड्थ जॉइनर, दोन चिन्हे जोडणारा अदृश्य वर्ण) काढू नये. कुटुंबाचा इमोजी त्यावर उभा असतो आणि काही कीबोर्ड ‘ऱ्या’ लिहितानाही तोच वापरतात. तो काढला, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो!

प्रश्न : भाषा प्रारूपालाच (लँग्वेज मॉडेल, म्हणजे मजकूर वाचून उत्तर लिहिणारी एआय प्रणाली) स्टिकर निवडायला सांगितले तर?

प्रसंग जरूर निवडू द्यावा, आयडी नव्हे. आयडी विचारला, तर ते अस्तित्वात नसलेला आयडीही आत्मविश्वासाने देते. शेवटचे चार-पाच संदेश आणि कप्प्यांची नावे द्यावीत, ‘स्टिकर नको’ हा पर्याय यादीत सर्वांत वर ठेवावा आणि आलेले उत्तर यादीत आहे का, हे आपल्या प्रोग्रॅमने तपासावे. कप्प्यातले नेमके स्टिकर प्रोग्रॅमनेच चिठ्ठी काढल्यासारखे निवडावे, अलीकडे गेलेली तीन वगळून. एरवी तेच एक अस्वल दिवसभर नाचत राहते.

प्रश्न : लाइन (LINE) या संदेश-ॲपवर वापरकर्त्याने स्टिकरच पाठवले, तर बॉटला त्याचा अर्थ कसा कळणार?

लाइन त्या स्टिकरचे वर्णन करणारे शब्द बॉटकडे पाठवते, पण जास्तीत जास्त १५. त्याहून अधिक शब्द असले, तर दरवेळी यादृच्छिकपणे १५ निवडले जातात, त्यामुळे एकाच स्टिकरबरोबर आज ‘खूश’ येईल आणि उद्या येणार नाही. म्हणून पहिल्यांदा आलेली यादी अंतिम न मानता स्टिकरच्या क्रमांकाखाली शब्द साठवत जावेत. उत्तर म्हणून तेच स्टिकर परत पाठवण्याचा मोह होतो, पण बॉटला पाठवता येणाऱ्या स्टिकरची यादी लाइनने ठरवून दिलेली आहे. वापरकर्त्याचे स्टिकर त्या यादीत नसेल, तर त्याच प्रसंगाच्या कप्प्यातले दुसरे निवडावे लागते.